एक कॅसेट, अडीच तज्ज्ञ

किस्से जमवायला काही मेहनत लागत नाही हो. चार रिकामी माणसं, एक कॉम्प्युटर आणि कुणालाच धड न कळणारा एखादा विषय, एवढं एका खोलीत ठेवायचं आणि मधूनमधून चहा द्यायचा. वर्षभरात वही भरते! आमच्या वाशिमात ही खोली म्हणजे विनूभाऊंच्या घराची पुढची खोली, वेळ रविवार दुपारची, आणि विषय असा : गाणी कॉम्प्युटरमध्ये कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावीत?

हसू नका. यावरून आमच्यात दोनदा बोलणं बंद झालेलं आहे.

विनूभाऊ सरकारी नोकरीतून रिटायर. तीस वर्षं लोकांच्या फायली दाबून बसलेला हा माणूस, पण आता कॉम्प्युटरवर दाबून लहान केलेली फाइल दिसली की चवताळतो. त्यांना फक्त फ्लॅक चालतं. फ्लॅक म्हणजे आवाजातला कणही न टाकता ठेवलेली फाइल. एमपीथ्रीत कानाला कळणार नाही तेवढं काढून टाकतात म्हणे. "कोणाच्या कानाला?" हा विनूभाऊंचा ठरलेला प्रश्न, आणि तो ते स्वतःच्या कानाला हात लावून विचारतात.

दुसरे शेठजी. त्यांचं भांड्यांचं दुकान पाच फूट रुंद आणि माल पन्नास फुटांचा! आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. शेठजींकडे गंजात गंज, त्यात डबा, डब्यात वाट्या आणि वाटीत चमचे असतात. हाच नियम त्यांनी गाण्यांना लावला. सगळी स्तवनं, भजनं, जुनी गाणी बत्तीस केबीपीएसमध्ये दाबून एका जुनाट पेनड्राइव्हमध्ये कोंबलेली. ती लावली की प्रत्येक गायक विहिरीत पडलाय आणि मदत मागतोय असं वाटतं. शेठजी म्हणतात, "शब्द समजते का नाही? मंग झालं!"

तिसरा मी. शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. शाळेतला कॉम्प्युटर बंद पडला की मी वायर काढतो आणि तीच वायर परत लावतो. एवढ्या भांडवलावर लोक मला 'सर' म्हणतात आणि अर्धा तज्ज्ञ मानतात. असे आम्ही अडीच जण.

*

आणि प्रल्हाद. हा तज्ज्ञ नाही, याला काम होतं.

प्रल्हाद रिठद गावचा. सोयाबीन, थोडी हळद, दोन म्हशी, बोलणं मोजकं. एका रविवारी मोटरसायकलवरून आला आणि रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट त्यानं टेबलावर ठेवली.

"बाबाची भजनं हायेत याच्यात. कॉलेजात होतो तवा मीच भरली होती, घरी ओसरीत. बाबाले जाऊन चार वर्षं झाले. त्याईचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही. मोबाइलवर टाकून द्या फक्त."

"फक्त" ऐकून विनूभाऊंनी चष्मा काढला. "प्रल्हाद, फक्त असं काही नसते बाप्पा. फॉरमॅट कोणता?"

"मले काय समजते त्यातलं? बाबाचा आवाज आला पाह्यजे. आन मधलं बोलनं, खोकनं बी राहू द्या. काईच काढू नका."

"काहीच काढायचं नाही म्हणजे फ्लॅक!" विनूभाऊंनी मांडीवर थाप मारली.

"एका बाजूले दीडशे एमबी? कायले!" शेठजी उसळले. "बत्तीसमध्ये सात एमबीत काम होते."

"आवाज आहे तो शेठजी, लोणचं नाही बरणीत दाबून भरायला!"

झालं! दिवेलागणीपर्यंत हेच. कॅसेट सीपीयूच्या डोक्यावर क्रोशाच्या कव्हराखाली गेली. निघताना प्रल्हादनं दारातून विचारलं, "झालं काय, भाऊ?"

उत्तर विनूभाऊंच्या घरातून, म्हणजे सुमनवहिनींकडून आलं. "नाही भाऊ. अजून कॅसेट कोणत्या बाजूनं घालायची त्याचं मतदान बाकी हाय."

*

विनूभाऊंचा दावा असा की ते डोळे मिटून फ्लॅक ओळखतात. आम्ही म्हटलं, मिटा! शेठजींनी त्यांच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधला आणि वहिनींना माउसजवळ बसवलं. एकच गाणं दोनदा लावायचं, एकदा एमपीथ्री आणि एकदा फ्लॅक.

पहिलं वाजलं. विनूभाऊंनी तोंड वाकडं केलं. "डबा आहे. एमपीथ्री!"

दुसरं वाजलं. विनूभाऊ खुर्चीत मागे रेलले, चेहऱ्यावर समाधान पसरलं. "आहाहा! हे पाहा! तबल्याची शाई ऐकू येऊन राह्यली! तंबोऱ्याची तार न् तार सुटी! याले म्हणतात फ्लॅक!"

दुपट्टा सोडला. स्पीकरची पिन भिंतीतून निघालेली होती. वहिनींनी ती सकाळीच मिक्सरसाठी काढली होती आणि लावायची राहिली होती. दोन्ही वेळा गाणं वहिनींच्या मोबाइलवर वाजलं होतं. पहिल्यांदा मोबाइल टेबलावर होता, दुसऱ्यांदा तो स्टीलच्या गंजात उभा केला होता.

विनूभाऊंनी तो गंज उचलून आतून-बाहेरून पाहिला. मग म्हणाले, "गंज चांगला आहे."

"आमच्या दुकानातला हाय!" शेठजी म्हणाले.

*

या अपमानाचा बदला विनूभाऊंनी शेठजींवर उपकार करून घेतला. शेठजी गावाला गेले असताना त्यांच्या पेनड्राइव्हची कॉपी घेऊन सगळी बत्तीसवाली भजनं विनूभाऊंनी फ्लॅकमध्ये बदलली. दोन दिवस कॉम्प्युटर घरघरत होता. शेठजी आले तसं अभिमानानं म्हणाले, "क्वालिटी वाढवून दिली तुमची! ऐका!"

शेठजींनी डोळे मिटून ऐकलं. गायक होता तिथेच, विहिरीत. मग त्यांनी फाइलचा आकार पाहिला आणि आकडे बोटांवर मोजले.

"भाऊ, माही वाटी तुमी टिपाडात ठेवली," ते म्हणाले. "वाटी काही मोठी नाही झाली. टिपाड मात्र माह्या घरात आलं."

*

आता माझाही एक सांगून टाकतो, नाहीतर दुसरं कुणी मीठमसाला लावून सांगेल.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला तालुक्यातले एक जुने पुढारी अध्यक्ष होते. जुने म्हणजे फारच जुने. स्वागतगीत वाजवायची जबाबदारी माझ्यावर. विनूभाऊंनी बजावून फ्लॅक फाइल दिली. "सर, इज्जतीचा प्रश्न आहे. पुढाऱ्याले एमपीथ्री ऐकवाल तर याद राखा." मी ती पेनड्राइव्हमध्ये टाकली. पेनड्राइव्ह शेठजींचा होता, कारण स्वतःचा पेनड्राइव्ह बाळगणं अर्ध्या तज्ज्ञाला शोभत नाही.

अध्यक्ष हार घालून उभे. मुली आरतीची ताटं घेऊन उभ्या. मी अँप्लिफायरला पेनड्राइव्ह लावला. तो अँप्लिफायर माझ्याहून सीनियर, त्याला एमपीथ्रीपलीकडचं काही कळत नव्हतं. त्यानं फ्लॅककडे ढुंकून पाहिलं नाही. पेनड्राइव्हमधली पहिली एमपीथ्री शोधली आणि सगळ्या मैदानावर मोठ्यानं सुरू केली.

ती शेठजींच्या दुकानाच्या ऑटोवर फिरणारी जाहिरात होती.

"जुनं झालं? चेपलं? बुडाले भोक पडलं? काही हरकत नाही! घेऊन या, बदलून नवीन घेऊन जा!"

अध्यक्ष हार घालून तसेच उभे. मुख्याध्यापक माझ्याकडे बघतायत आणि मी अँप्लिफायरची वायर काढून परत लावतोय. आणि ती लावली की जाहिरात पहिल्यापासून सुरू!

पुढच्या निवडणुकीत पुढाऱ्यांचं तिकीट कापलं गेलं. त्याचा माझ्याशी काहीही संबंध नाही, पण तेव्हापासून ते मला रस्त्यात ओळख देत नाहीत.

*

दरम्यान प्रल्हादची कॅसेट कव्हराखाली झोपलेलीच. तो दर पंधरा दिवसांनी येई, चहा पिई, कव्हर वर करून कॅसेट पाही आणि खाली ठेवी. एकदा म्हणाला, "भाऊ, टेप लय जुनी हाय. खराब नाही होनार नं?" विनूभाऊ म्हणाले, "घाईचं काम नाही हे." तीस वर्षांची सवय हो, सुटते थोडीच!

शेवटी वहिनींनी चहा बंद करण्याची धमकी दिली, तेव्हा कुठे रेकॉर्डिंगचा दिवस ठरला. प्रल्हादकडे सोयाबीन काढणीला आलं होतं, तो काही येऊ शकला नाही. जोडायची वायर नव्हती म्हणून टेपरेकॉर्डरसमोर कॉम्प्युटरचा माइक ठेवला. विनूभाऊंनी हुकूम दिला, "खोलीत कोणीच थांबायचं नाही. श्वाससुद्धा भरला जातो!"

सगळे स्वयंपाकघरात जाऊन बसलो. अर्धा तास चिडीचूप बसायचं होतं, पण दुसऱ्याच मिनिटाला वहिनींच्या कुकरला ते बघवलं नाही. त्यानं एक शिट्टी दिली. मग दुसरी. विनूभाऊ कपाळाला हात लावून बसले होते. तेवढ्यात शेठजी सवयीनं मोठ्यांदा बोलून गेले, "वहिनी, चहात साखर कमी टाका बरं!"

बाजू संपल्यावर बाहेर येऊन विनूभाऊंनी पहिली दोन मिनिटं ऐकली. भजन, भजन, शिट्टी! "कचरा!" ते ओरडले आणि पुढचं ऐकायला तयारच होईनात. शेठजी म्हणाले, "उडवू नका नं. मले द्या. दुकानात लावीन." आणि ते सगळं रेकॉर्डिंग बत्तीसमध्ये दाबून त्यांनी पेनड्राइव्हमध्ये टाकलं.

"शिट्टीसकट ऐकणार?" विनूभाऊंनी विचारलं.

"कुकर बी माह्याच दुकानातला हाय," शेठजी म्हणाले.

*

एकदा प्रल्हाद बसलेला असताना लाइट गेली. विनूभाऊंची साठ गाणी फ्लॅक होता होता अर्ध्यात मेली. झालं, त्यांनी लाइनमनच्या सात पिढ्या काढल्या.

"लाइनमनले नका बोलू, भाऊ," प्रल्हाद एकदम म्हणाला.

आम्ही चमकलो. हा माणूस एवढ्या जोरात कधी बोलत नाही.

मग त्यानं खाली बघत सांगितलं. "आमच्या बाबानं एका लाइनमनले अठरा वर्षं शिव्या देल्या. आमच्याच गावचा, बाबाच्या भजनातला टाळकरी होता तो. आमच्या विहिरीवरची मोटर जयली, आन बाबाच्या मनानं घेतलं का यानंच व्होल्टेज कमीजास्त केलं. त्याचं घरी येनं बंद, चहा बंद, रामराम बंद. त्यानं बी मंग टाळ सोडला. बाबाच्या तेरवीले आला, मांगं उभा राह्यला आन न जेवता निंगून गेला."

असं ऐकल्यावर माणूस गप्प बसतो. विनूभाऊ बसले नाहीत. "पण प्रल्हाद, व्होल्टेजनं सहसा नाही जळत मोटर. विहीर आटली आणि मोटर बंद करायची राहिली, कोरडीच चालत राहिली, की जळते!"

प्रल्हादनं सीपीयूवरच्या कव्हराकडे पाहिलं. "वहिनी, पानी देता काय जरासं?" एवढंच म्हणाला. पाणी पिऊन लगेच निघून गेला.

"टेक्निकल बोललं की लोकांले राग येते," विनूभाऊ म्हणाले. आम्ही मान डोलावली. अडीच तज्ज्ञ ना आम्ही!

*

वायर आली. तीही सोनेरी पिनांची. विनूभाऊंनी हेडफोन लावून, दार लावून, एकट्यानं कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घेतली. मग चार दिवस त्या आवाजाला अंघोळ घातली. खरखर काढली, घरघर काढली, खोकला काढला, ओसरीतल्या चिमण्या काढल्या. रविवारी सगळ्यांना बोलावलं. प्रल्हाद इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

भजन लागलं. काचेसारखा स्वच्छ आवाज! शेठजीसुद्धा "वा!" म्हणाले. एक भजन संपलं की लगेच दुसरं, मधे काही नाही. प्रल्हाद पुढे वाकून ऐकत होता. शेवटपर्यंत ऐकलं त्यानं.

"आवाज बाबाचाच हाय," तो म्हणाला. "पण मधलं बोलनं?"

"काढलं ना ते!" विनूभाऊ खुशीत म्हणाले. "भजन थांबवून मधेच मोटर का काय ते विचारत होते कोणाले तरी. निरा डिस्टर्बन्स!"

प्रल्हादचा चेहरा पांढरा पडला. इतका, की विनूभाऊंचं हसू तोंडावरच राहिलं.

"परत घ्या नं कॅसेटवरून," तो म्हणाला.

विनूभाऊंनी हळूच ड्रॉवर उघडला. आणखी चांगली क्वालिटी मिळावी म्हणून त्यांनी कॅसेट पुन्हा लावली होती, आणि टेपरेकॉर्डरनं ती चावली होती. ड्रॉवरमध्ये तपकिरी फितीचा गुंता पडला होता, दोन ठिकाणी तुटलेला, इस्त्री केल्यासारखा चपटा. आणि कॉम्प्युटरवरची मूळ फाइल? तीही उडवली होती. ज्या माणसानं जन्मात एक एमबी वाचवला नाही, त्याला नेमकी हीच फाइल जागा अडवते असं वाटलं! रीसायकल बिनही रिकामा. भारी स्वच्छतेची आवड!

"मी काईच काढू नका म्हनलं होतं, भाऊ," प्रल्हाद म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं तो गुंता रुमालात बांधला आणि गेला.

त्या दिवशी वहिनींनी चहा केला नाही. विनूभाऊंनी मागितलाही नाही. मला माझी लाज वाटली, कारण इतके महिने मी नुसता मजा बघत बसलो होतो.

*

पुढच्या रविवारी शेठजींनी प्रल्हादला फोन करून बोलावून घेतलं. खिशातून तोच जुनाट पेनड्राइव्ह काढला आणि विनूभाऊंकडे न बघता कॉम्प्युटरला लावला.

"तो कुकरवाला माल हाय," ते म्हणाले. "दुकानात दोन दिवस लावला होता, पण गिऱ्हाइकाच्या आवाजात म्या काई पुरा ऐकला नाही. असंल तर याच्यात असंल."

बत्तीस केबीपीएस. विनूभाऊंनी स्वतः उठून स्पीकरची पिन तपासली, आवाज वाढवला आणि खाली बसले.

खरखर सुरू झाली. विहिरीच्या तळातून यावं तसं भजन आलं. चिमण्या. कुकरची शिट्टी. दुसरी शिट्टी. मग शेठजी, "वहिनी, चहात साखर कमी टाका बरं!" कुणी हसलं नाही. भजन पुढे चाललं, एका जागी थांबलं. खोकला आला, लांबलचक. वहिनी स्वयंपाकघरातून येऊन दारात उभ्या राहिल्या.

आणि मग प्रल्हादचे बाबा बोलले, "पल्ल्या, मोटर बंद केली काय रे?"

अगदी जवळून एका पोराचा आवाज आला, घाईघाईतला, "हो बाबा, केली!"

टाळ वाजले. भजन पुन्हा सुरू झालं.

"मांगं घ्या," प्रल्हाद म्हणाला.

विनूभाऊंनी मागे घेतलं. खोकला आला. प्रल्हाद खुर्चीवरून उठून स्पीकरसमोर उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली.

"पल्ल्या, मोटर बंद केली काय रे?"

त्या पोराला बोलू न देता प्रल्हाद म्हणाला, "नाही केली, बाबा. लाइनमनची काई चूक नव्हती."